जुना संगणक नेमका कुठे अडतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. त्यामुळे बँका, कंपन्या आणि कार्यालये यांतले अनेक धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. असे संगणक जुन्या मालाच्या दुकानांत येतात, शाळांना देणगी म्हणून मिळतात, कधी घरी येऊन पोचतात. मग घरातला विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतो : यावर गेम चालतील का?

हा प्रश्न ऐकून आपण पुष्कळदा तो उडवून लावतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो, की इयत्ता नववी-दहावीच्या पुस्तकातले बरेच काही त्यात सापडते. विद्युतशक्ती, विद्युतधारा, उष्णतेचे वहन, चकतीची फिरण्याची गती, वेळ आणि वेग यांचा हिशेब हे सारे त्यात येते. शिवाय प्रश्न पैशांचाही आहे. दुकानदार म्हणतो ‘रॅम वाढवा’, मित्र म्हणतो ‘कार्ड टाका’, तिसरा म्हणतो ‘प्रोसेसर बदला’. प्रत्येक सल्ला कुठल्यातरी संगणकासाठी बरोबर असतो. आपल्यापुढच्या संगणकासाठी कोणता बरोबर, हे ठरवायची रीत काय? या लेखात आपण ती रीत पाहू.

गेम म्हणजे संगणकाला काय काम?

पडद्यावर हलणारे चित्र म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली स्थिर चित्रे, हे आपण सिनेमाच्या बाबतीत शिकवतोच. अशा प्रत्येक स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि त्या आधीच तयार असतात. गेममध्ये मात्र पुढची फ्रेम खेळणारा काय करतो यावर अवलंबून असते. त्यामुळे ती आधी काढून ठेवता येत नाही. त्या क्षणीच काढावी लागते.

कार्यालयातला साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. तेव्हा प्रत्येक फ्रेमसाठी संगणकाला १००० ÷ ६० म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके धरले, तर एका फ्रेममध्ये २०,७३,६०० ठिपके होतात आणि एका सेकंदात १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात.

हे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रोसेसर जगाचा हिशेब करतो : चेंडू कुठे पोचला, गाडी कशावर आदळली, प्रतिस्पर्धी कुठे वळला, पडद्यावर काय काय दिसायला हवे. दुसऱ्या टप्प्यात ग्राफिक्सचा भाग त्या हिशेबावरून ठिपके रंगवतो. दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे. पहिले काम बरेचसे क्रमाने करावे लागते, कारण एका उत्तरावर पुढचा प्रश्न अवलंबून असतो. दुसऱ्यात लाखो ठिपक्यांचे हिशेब एकमेकांपासून जवळपास स्वतंत्र असतात, म्हणून शेकडो छोट्या गणन-एककांना ते वाटून देता येतात. मोठ्या वर्गाला एकच लांबलचक गणित घातले तर सारे जण मिळून ते लवकर सुटत नाही, पण शंभर छोटी गणिते वाटून दिली तर सुटतात, तसेच हे आहे.

घमेल्यांची रांग

बांधकामावर स्लॅब पडताना माणसांची रांग लावून घमेली वर पोचवतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. रांगेत वीस माणसे असोत. त्यांतला एक जण प्रत्येक घमेल्याला पाच सेकंद घेत असेल आणि बाकीचे दोनच सेकंद घेत असतील, तर वर दर पाच सेकंदांनी एकच घमेले पोचेल. बाकीच्यांना कितीही चपळ केले तरी मिनिटाला बाराच घमेली. त्या एकाला बदलले, की मात्र सगळ्या रांगेचा वेग वाढतो.

संगणकात असेच घडते. ग्राफिक्सचा भाग एक फ्रेम रंगवत असतो तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमचा हिशेब करत असतो. त्यामुळे एका फ्रेमला लागणारा वेळ ही दोन्ही वेळांची बेरीज नसते. दोहोंपैकी जो वेळ मोठा, साधारण तेवढाच लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गेममध्ये प्रोसेसरला दर फ्रेमला १२ मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्सच्या भागाला ४०. मग वेग १००० ÷ ४० म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. आता आपण दुप्पट वेगाचा प्रोसेसर घातला. त्याचा वेळ ६ मिलिसेकंदांवर आला. फ्रेम मात्र २५ च राहिल्या. पैसे गेले, फरक शून्य. त्याऐवजी तिप्पट वेगाचे ग्राफिक्स कार्ड घातले असते, तर ४० चे १३.३ मिलिसेकंद झाले असते आणि फ्रेम ७५ वर गेल्या असत्या. हे पाहून कोणी आणखी तिप्पट वेगाचे कार्ड आणले, तर कार्डाचा वेळ ४.४ मिलिसेकंद होईल, पण आता प्रोसेसरचे १२ मिलिसेकंद आड येतील. ७५ च्या फक्त ८३ फ्रेम होतील. आणि मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवणारा असेल, तर हा वाढीव वेग डोळ्यांना जवळजवळ दिसणारच नाही.

या उदाहरणात साऱ्या लेखाचे सार आहे. ‘जुना संगणक सावकाश आहे’ हे विधान अपुरे असते. त्याचा एखादा भाग सावकाश असतो आणि बाकीचे त्याची वाट पाहत असतात.

नमुन्यादाखल एक संगणक

आम्ही उदाहरणासाठी डेल कंपनीचा ऑप्टिप्लेक्स ९०२० हा २०१३ मधला संगणक निवडला आहे. तो कार्यालयांसाठीच बनवलेला होता. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीतला प्रोसेसर असतो. आपण आय-५ ४५७० धरू : चार गाभे, मूळ गती ३.२ गिगाहर्ट्झ, गरज पडल्यास ३.६ पर्यंत. वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुधा नसते. प्रोसेसरमध्येच एचडी ४६०० नावाचा छोटा ग्राफिक्स भाग असतो. डीडीआर-३ जातीची ४ किंवा ८ जीबी रॅम आणि एक फिरती हार्ड डिस्क, असा सर्वसाधारण संसार.

हा प्रोसेसर वाटतो तितका दुबळा नाही. ३.२ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोके. साठाने भागले, तर एका फ्रेमच्या अवधीत त्याचा प्रत्येक गाभा ५ कोटींहून अधिक ठोके घेतो. कार्यालयात पत्रे टंकताना यातले बहुतेक ठोके वायाच जात होते.

हा संगणक वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत मिळत असे. खरेदीपूर्वी पेटीचा आकार पाहावा. मिनी टॉवर या उभ्या पेटीत पूर्ण उंचीचे कार्ड मावते. छोट्या पेटीत निम्म्या उंचीचेच कार्ड बसते. सर्वांत लहान पेट्यांत अशा कार्डासाठी जागाच नसते. त्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी या कामाच्या नाहीत.

बदलण्याआधी मोजा

डॉक्टर आधी तपासतात, मग औषध देतात. इथेही तपासणी आधी. तिला पैसे लागत नाहीत.

पहिली तपासणी अशी. गेम सुरू करून सेकंदाला किती फ्रेम येतात ते नोंदवा. पुष्कळ गेममध्ये हा आकडा पडद्यावर दाखवण्याची सोय असते. फ्रेम ६० वर अडवून धरणारी व्ही-सिंक ही सोय चालू असेल तर मोजण्यापुरती बंद ठेवा. मग बाकी काहीही न बदलता पडद्याचे ठिपके १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. आता एका फ्रेममध्ये ९,२१,६०० ठिपके, म्हणजे रंगवण्याचे काम सव्वादोन पटींनी कमी झाले. प्रोसेसरचे काम मात्र तेवढेच आहे, कारण चेंडू कुठे आहे हा हिशेब ठिपक्यांवर अवलंबून नसतो. फ्रेम चांगल्या वाढल्या, तर ग्राफिक्सचा भाग अडत होता. त्या होत्या तेवढ्याच राहिल्या, तर प्रोसेसर अडतो आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हा प्रयोगशाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

दुसरी तपासणी टास्क मॅनेजरमध्ये. तिथे प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स यांचा किती टक्के वापर होतो ते दिसते. यात एक फसगत संभवते. चार गाभ्यांपैकी एकच गाभा पूर्ण कामात असेल आणि तीन रिकामे असतील, तर एकूण वापर २५ टक्के दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, प्रोसेसर तर निवांत आहे! प्रत्यक्षात गेमचा मुख्य हिशेब त्या एका गाभ्यावर अडकलेला असतो. म्हणून प्रत्येक गाभ्याचा आलेख वेगळा पाहावा. सरासरी काय लपवते, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

गेमप्रमाणे अडणारा भागही बदलतो. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा अवकाशयाने बांधून उडवण्याचा गेम २०१५ मध्ये पूर्ण रूपात आला. त्यात यानाच्या प्रत्येक भागावरील बलांचा हिशेब होतो. शेकडो भागांचे अवजड रॉकेट बांधले, की प्रोसेसर दमतो, आणि तिथे महागडे ग्राफिक्स कार्ड फारसे उपयोगी पडत नाही. याउलट दाट जंगल, पाण्यातली प्रतिबिंबे, लांबवरचे डोंगर असे देखावे असलेल्या गेममध्ये कार्डाची कसोटी लागते. म्हणून ‘गेमसाठी संगणक’ असे मोघम न म्हणता कोणता गेम, हे आधी ठरवावे.

फिरत्या तबकडीची वाट पाहणे

जुन्या संगणकाबद्दलची पहिली तक्रार बहुधा हार्ड डिस्कमुळे असते. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचक-टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळापर्यंत सरकायला अंदाजे ९ मिलिसेकंद. एकूण १३. विखुरलेले दोन हजार छोटे तुकडे वाचायचे असतील, तर नुसत्या वाट पाहण्यात २६ सेकंद जातात.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिथे एका तुकड्याला साधारण ०.१ मिलिसेकंद धरले, तर एकामागून एक वाचूनही तेच दोन हजार तुकडे ०.२ सेकंदात हाती येतात. आपल्या नमुना-संगणकात साटा जातीची एसएसडी बसते. या जोडणीतून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. प्रत्येक ८ बिट माहिती १० बिटांच्या रूपात पाठवली जाते, म्हणून दहाने भागून ६० कोटी बाइट, म्हणजेच ६०० एमबी ही तिची कमाल मर्यादा. नव्या संगणकांतल्या एसएसडी याहून वेगवान असतात, पण तबकडीवरून इथवर आलेल्याला मोठा फरक आधीच मिळालेला असतो.

तरी एक गोष्ट स्पष्ट असावी. एसएसडीमुळे संगणक लवकर सुरू होतो, गेम लवकर उघडतो, नवा प्रदेश येताना बसणारे अडखळे कमी होतात. सेकंदाला येणाऱ्या फ्रेम मात्र त्यामुळे वाढत नाहीत. कोठार स्वयंपाकघराच्या जवळ आणले, म्हणून पोळ्या लाटण्याचा वेग वाढत नाही.

रॅम : किती, आणि कशी लावलेली

रॅम अपुरी पडली, की संगणक तिच्यात न मावणारी माहिती डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क किती सावकाश हे आपण आताच पाहिले. म्हणून ४ जीबीवरून ८ किंवा १६ जीबीवर गेल्यास फरक जाणवतो. पण १६ पुरत असताना ३२ केल्यास काहीच मिळत नाही. भरून न जाणारी टाकी आणखी मोठी करण्यात अर्थ नसतो.

संख्येइतकीच मांडणीही महत्त्वाची. डीडीआर-३ १६०० या रॅमची एक पट्टी सेकंदाला १६० कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट देते. गुणाकार केला की १२.८ जीबी. योग्य खाचांत दोन पट्ट्या लावल्या, की दोन वाटा एकाच वेळी चालतात आणि २५.६ जीबी मिळतात. म्हणजे ८ जीबीची एकच पट्टी आणि ४ जीबीच्या दोन पट्ट्या यांत साठा सारखाच, वेग मात्र दुप्पट. प्रोसेसरमधला ग्राफिक्स भाग याच रॅममधून आपले काम चालवतो, म्हणून त्याला या दुसऱ्या वाटेचा चांगला फायदा होतो. नवे काही विकत घेण्याआधी असलेल्या पट्ट्या योग्य खाचांत आहेत का, हे पेटी उघडून पाहावे.

खरेदी करताना डीडीआर-३ च मागावी. डीडीआर-४ ची खाच वेगळी असते. जुन्या सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्तात मिळते, पण या संगणकात ती चालत नाही.

ग्राफिक्स कार्ड आणि ७५ वॅट

आता मुख्य बदल. एचडी ४६०० मध्ये २० एकके आहेत आणि प्रत्येकात एका वेळी ८ संख्यांवर काम होते, म्हणजे १६०. २०१९ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० या मध्यम कार्डात अशी ८९६ गणन-एकके आहेत. शिवाय त्याची स्वतःची ४ जीबी रॅम आहे आणि तिच्यातून, जीडीडीआर-५ प्रकारात, सेकंदाला १२८ जीबी माहिती मिळते, आपल्या २५.६ च्या पाचपट.

मग याहून मोठे कार्ड का घालू नये? उत्तर विजेच्या हिशेबात आहे. मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसते, ती खाच कमाल ७५ वॅट देऊ शकते. तिचा मुख्य वाटा १२ व्होल्टच्या वाटेने येतो : ५.५ अँपिअर × १२ व्होल्ट = ६६ वॅट. उरलेला ३.३ व्होल्टच्या वाटेने. जीटीएक्स १६५० ची मागणी ७५ वॅटच आहे. म्हणूनच जुन्या कार्यालयीन संगणकांसाठी या कार्डाचे नाव पुन्हा पुन्हा घेतले जाते. काही उत्पादक हेच कार्ड जास्त वेगाने चालवण्यासाठी त्यावर वेगळी वीज-जोडणी देतात. आपल्याला ती नसलेले कार्ड हवे.

एकूण हिशेब करू. प्रोसेसर ८४ वॅट, कार्ड ७५, बाकीच्या सर्वांसाठी ४० धरले, तर सुमारे २०० वॅट. मिनी टॉवरचा पॉवर सप्लाय २९० वॅटचा आहे. म्हणजे पुरेशी मोकळीक उरते.

कोणी म्हणेल, मग १२० वॅटचे कार्ड का नको? बेरीज तर २४४ च होते. पण त्या कार्डाला खाचेखेरीज सहा पिनांची वेगळी तार लागते आणि अशा साध्या संगणकात ती बहुधा नसते. बाजारात डिस्कच्या वीज-जोडणीवरून सहा पिनांची तार काढून देणारे जोड मिळतात. ते घेण्याआधी गणित पाहा. डिस्कच्या साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी १.५ अँपिअर, एकूण ४.५ अँपिअर. ४.५ × १२ = ५४ वॅट. सहा पिनांच्या तारेतून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकते, म्हणजे ६.२५ अँपिअर. जास्त धारेने तापलेली जोडणी वितळू शकते, क्वचित पेटूही शकते. एवढ्याशा गुणाकाराने टळणारा हा अपघात आहे.

पॉवर सप्लायच बदलू म्हटले, तर आणखी एक अडचण. बहुतेक संगणकांत मदरबोर्डाची वीज २४ पिनांच्या जोडणीतून येते; या संगणकात ती ८ पिनांची, वेगळ्या रचनेची आहे. त्यामुळे दुकानातला साधा पॉवर सप्लाय मधला जोड असल्याशिवाय बसत नाही. अनेक कार्यालयीन संगणकांत अशा खास जोडण्या असतात. म्हणून मूळ पॉवर सप्लाय ठेवून ७५ वॅटच्या मर्यादेत राहणे हाच आमच्या मते शहाणपणाचा मार्ग.

कार्ड बसवल्यावर दोन साध्या गोष्टी विसरू नयेत. मॉनिटरची तार आता कार्डावरच्या जोडणीत लावायची. ती जुन्याच जागी राहिली, तर चित्र जुनाच भाग काढत राहतो आणि ‘कार्डाने काही फरक पडला नाही’ असे वाटते. दुसरे, या कार्डांवर व्हीजीए ही निळी जुनी जोडणी नसते. मॉनिटरला तेवढीच असेल, तर परिवर्तक लागेल. जुनी कार्डे विकत घेताना नावे बदललेली बनावट कार्डेही समोर येतात. जीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्रॅम कार्डाच्या आतली खरी चिप सांगतो. पैसे देण्यापूर्वी तो चालवून पाहावा.

दहा मिनिटांनी मंदावणारा संगणक

कधी गेम सुरुवातीला छान चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी अडखळू लागतो. अशा वेळी उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की तो जळू नये म्हणून आपली गती स्वतःच कमी करतो.

प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा उष्णताशोषक यांचे पृष्ठभाग गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात. त्यांत हवा राहिली तर उष्णता अडते, कारण हवेची उष्णतावाहकता प्रति मीटर प्रति केल्व्हिन सुमारे ०.०२६ वॅट एवढीच आहे. म्हणून मध्ये लेप लावतात. चांगल्या लेपाची वाहकता चार-पाच वॅट असते, म्हणजे हवेच्या दीडशे पटींहून अधिक. दहा-बारा वर्षांत हा लेप सुकतो. जुना पुसून नवा लावणे आणि पंख्यावरची धूळ काढणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. तो कोणत्याही मोठ्या खरेदीच्या आधी करावा.

सुरक्षिततेबद्दल

पेटी उघडण्यापूर्वी भिंतीतली पिन काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. कार्ड किंवा रॅम हातात घेण्यापूर्वी पेटीच्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जातो. पॉवर सप्लायची स्वतःची पेटी मात्र कधीही उघडू नये. घरातल्या २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे शिखर-मूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि आतल्या धारित्रांवर पिन काढल्यावरही तेवढा दाब काही काळ राहू शकतो. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे ना, हेही एकदा तपासून घ्यावे. विद्यार्थ्यांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

कुठे थांबावे

प्रत्येक जुन्या यंत्राला एक सीमा असते. ‘सायबरपंक २०७७’ या गेमच्या (हा प्रौढांसाठीचा गेम आहे, इथे फक्त तांत्रिक उदाहरण) २०२३ मध्ये सुधारलेल्या किमान अपेक्षांत आय-७ ६७००, १२ जीबी रॅम, एसएसडी आणि ६ जीबी रॅमचे जीटीएक्स १०६० कार्ड सांगितले आहे. आपला संगणक यात बसत नाही. याच मदरबोर्डावर आय-७ ४७९० हा आठ धाग्यांचा प्रोसेसर बसतो. तो जुन्या बाजारात बेताच्या किमतीत मिळाला तर ठीक. त्यापुढे जायचे, तर मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय सारेच बदलावे लागते, आणि मग जुन्यातली फक्त पेटी उरते.

काही उणिवा पैशांनीही भरून येत नाहीत. काही नव्या गेमना एव्हीएक्स-२ नावाचा आज्ञासंच लागतो. इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या आय-५ व आय-७ मध्ये तो आहे. तिसऱ्या पिढीत नाही. दिसायला जवळजवळ सारख्या दोन संगणकांत हा मोठा फरक आहे. खरेदीपूर्वी प्रोसेसरचा क्रमांक वाचावा तो यासाठी.

कार्यप्रणालीचाही विचार हवा. सुरक्षा-सुधारणा न मिळणारे विंडोज १० इंटरनेटला जोडून वापरणे धोक्याचे. लिनक्स हा चांगला पर्याय आहे. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात. सगळे नाहीत, फसवेगिरी रोखण्यासाठी कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरणारी व्यवस्था ज्यांत असते, असे ‘व्हॅलोरंट’सारखे गेम तिथे चालत नाहीत. मुलाला नेमका तोच गेम हवा असेल, तर हे आधी सांगितलेले बरे.

वर्गात करून पाहा

शाळेत एखादा जुना संगणक असेल, तर त्याच्यावर एक छोटा प्रकल्प होऊ शकतो. विद्यार्थ्यांचे गट करा. पहिला गट पेटीवरचे आणि आतले क्रमांक वाचून भागांची यादी करील. दुसरा गट सर्व भागांच्या वॅटची बेरीज करून ती पॉवर सप्लायशी ताडून पाहील. रोज दोन तास २०० वॅटने चालल्यास महिन्याला १२ युनिट वीज लागते, हेही काढील. तिसरा गट ठिपके कमी-जास्त करून फ्रेमची नोंद घेईल आणि आलेख काढील. चौथा गट चार गाभ्यांचे आलेख पाहील. आणि प्रत्यक्ष काहीही विकत घेण्याआधी सर्वांनी मिळून एकच वाक्य लिहायचे : ‘हा संगणक अमुक भागामुळे अडतो, कारण...’

त्या ‘कारण’नंतर मोजलेला आकडा आला, तर प्रकल्प साधला. आकडा नसेल, तर पेटी बंद ठेवावी आणि पुन्हा मोजावे. अशा तपासणीनंतर कधी नुसती धूळ काढून काम भागते, कधी एक एसएसडी पुरते, तर कधी ‘या संगणकावर खर्च करू नये’ असे उत्तर येते. तेही उत्तरच आहे. आणि गेम चालवण्यास जो उपयोगी ठरला नाही, तो संगणक लिनक्स टाकून शाळेच्या ग्रंथालयात अजून बरीच वर्षे काम करू शकतो.